कंदिलाची काच

हरिपूरच्या वाटेवर चिंचा ओळीनं उभ्या
आणि मी गुडघ्यावर फळी ठेवून बसलेली.
नोकरीतला पहिला पंचनामा.
"तारीख लिव. वेळ लिव.
घड्याळ बघून लिव, अंदाजानं नगं,"
नदाफ हवालदार म्हणाले.

समोर हळदीचं पेव.
तोंड एवढंसं, एक माणूस अंग चोरून उतरेल असं,
आत पोट मोठं, जमिनीत रांजण पुरल्यासारखं.
बाजूला पोत्यावर सिदू व्हनमाने, हमाल,
वय अंदाजे पंचेचाळीस.
अंगावर जखम नाही.
पाय घोट्यापर्यंत पिवळे.

मी लिहिलं: बिचारा सिदू.
हवालदारांनी वाकून वाचलं.
"बिचारा कुठं दिसला तुला?
मला तर प्रेत दिसतंय."
मी खोडू लागले, त्यांनी हात धरला.
"गिरगटू नगंस. आडवी रेघ मार, वाचता आली पायजे,
शेजारी सही कर.
आपली चूकबी कागदावर ऱ्हाती."

मग टेप.
पेवाच्या तोंडापासून कंदील सात फूट चार इंच.
"कुठनं मोजलंस? चिंचेपासनं मोज.
जे हलणार न्हाई ते धर.
गाडी हलती, माणसं हलत्यात,
मुकादम तर सकाळपासनं तीनदा हललाय."

मुकादम आण्णू चौगुले सांगत होता,
रात्रभर तोंड उघडं होतं, दिवा आत सोडला,
चांगला जळला,
म्हणूनच उतरला सिदू.
चार हमालांना चार झाडांखाली बसवलं,
चहा एकाच किटलीतला,
जबाब वेगवेगळे.
चौघंही म्हणाले: चांगला जळला, म्हणूनच उतरला.
नदाफ कप खाली ठेवत पुटपुटले,
"खरं सांगणारी माणसं
इतकी एका सुरात बोलत न्हाईत गं."

कंदील त्यांनी रुमालानं कडीला धरून उचलला.
उन्हात फिरवला. हुंगला.
"लिव. काच स्वच्छ, काजळी न्हाई.
वात पांढरी, कोरी.
टाकी गळ्यापर्यंत भरलेली."
मी विचारलं, हे कशाला?
"कशाला ते कोर्ट इचारंल.
आपण काय ते लिवायचं."

खोकं, सुतळी, लाख, लाखेवर शिक्का.
सायकलवाल्या पिराजीनं झटक्यात सही ठोकली.
अंगणवाडीच्या कुसूमबाई वसगडेकर
संपूर्ण नाव लिहीत राहिल्या, लाख थिजेपर्यंत,
आणि मग म्हणाल्या, एकदा वाचून दाखवा.
त्या दिवसात तेवढं एकच माणूस
सही करण्याआधी थांबलं.

ठाण्यात नोंद झाली: अकस्मात मृत्यू.
मिरजेहून कागद आला: श्वास कोंडून.
पाचव्या दिवशी एक हमाल एकटाच आला,
पायरीवर बसला, उठला, पुन्हा बसला.
गाडी भरायची घाई होती, म्हणाला.
पेव उघडून तासही झाला नव्हता.
दिवा पेटवायला काडी शोधत होतो,
मुकादम ओरडला, उतर की, पेवात जन्मलास तू.
अकस्मात शब्दाच्या जागी
गुन्हा क्रमांक आला.

सहा वर्षांनी साक्ष.
नदाफ तोवर निवृत्त, एका डोळ्यात मोतीबिंदू.
वकिलांनी माझा कागद उजेडाकडे धरला,
आडव्या रेघेखालून वाचलं:
"बिचारा.
म्हणजे तुमचं मत आधीच ठरलं होतं, मॅडम?"
मागे कुणीतरी हसलं.
घशात हळदीचा खकाणा गेल्यासारखं झालं.
मी म्हणाले, चूक माझी, रेघही माझी, सहीही माझी.
पुढची ओळ वाचा.

त्यांनी वाचली नाही.
न्यायाधीशांनी वाचली.
काच स्वच्छ.
मग लाख फोडायला सांगितली.

निकालाचं मी इथं लिहीत नाही,
तो दुसऱ्या कागदावर आहे.
आता नव्या पोरी येतात, विचारतात कसं लिहायचं.
मी चिंच दाखवते.
रेघ दाखवते.
कुणाला सांगत नाही,
सहा वर्षं कपाटात राहिलेल्या त्या कंदिलातून
खोकं उघडताच जो वास आला, रॉकेलचा, कोरा,
तो अजून कुठल्याच रकान्यात बसलेला नाही.