शून्याच्या जागी

आमच्या पंचांगात अजून भाद्रपद,
डबऱ्याला मात्र कुंवार लागलाय.
हरसीच्या कालव्याकाठी धान पोटरीत
आणि माझ्या हातात बावीस पानांचा फॉर्म.
प्रश्न सत्तेचाळीस: औषध किती वेळा फवारले?
औषध आम्ही म्हणतो, ते दवाई म्हणतात.
आजारी कोण, हा प्रश्न फॉर्मात नाही.

गुरमेजसिंगांचे चार वेळा.
दुसऱ्या खेपेला दोन डबे एकातच कालवून,
दुकानावरच्या पोराने सांगितले तसे.
तरी शेताच्या मधोमध जळकी चकती,
घोटाभर पाण्यात उभी राहून वाळलेली.
"मारलं की आठ दिवस शांत," ते म्हणाले,
"मग दुप्पट येतो माहू. लिही, चार."
खोकले, आणि मला पेलाभर लस्सी दिली.

बांधापलीकडे फुलवंती रावत.
तिने ओचा खोवला, एक चूड तिरका केला,
बुंध्यावर तळव्याने दोनदा थापटले,
पाण्यावर पडले ते मोजले, मोठ्याने, शाळेतल्यासारखे:
आठ माहू. तीन कोळी.
"अबै मकरियाँ भूखी हैं," म्हणाली,
जणू घरात कोणी जेवायचे राहिले आहे.
तीन सालांपूर्वी मारली होती एकदा,
तेव्हा बुंध्याला वीस-वीस होते.
तेव्हापासून पंप खुंटीला,
नळीच्या तोंडात कुंभारमाशीचे घर.

परतताना पाहिले,
गुरमेजसिंगांकडे पाचवी सुरू झाली होती.
फॉर्म पिशवीत गेला होता. बसही आली.

रात्री दौलतगंजातल्या खोलीत आकडे भरताना
फुलवंतीच्या ओळीपाशी संगणक अडला.
तांबवेकर सर फोनवर: शून्याचा लॉग निघत नाही गं,
तिथे शून्य पूर्णांक शून्य एक टाक, सगळे तेच करतात.
नाहीतर ओळच काढ.

एका फवारणीचा शंभरावा भाग.
म्हणजे किती?
रिकाम्या डब्याच्या झाकणाला राहतो तेवढा वास?
की दुपारी वारा फिरला तेव्हा
बांधावरून तिच्या धानावर आले ते,
जे माझ्याही ओठांवर अजून कडू आहे?

टाकले. सूत्र चालले.
कोण किती कार्यक्षम, टक्क्यांत, दोन दशांशांपर्यंत.
कोळ्यांना रकाना नव्हता,
समासात पेन्सिलीने लिहिले: तीन.

दिवा मालवल्यावर आठवले,
त्यातलीच्या एकीच्या पोटामागे
अंड्यांची पांढरी पिशवी होती.
ती मी एकच धरली आहे.