उतार

हॅव्हरबेकचं मैदान समुद्राकडे कलतं.
नव्वद वर्षं कलतंय. मी स्वतः पाणसळ लावून पाहिलंय,
या गोलपासून त्या गोलपर्यंत
लहान पोराच्या कमरेइतकं.
मध्यावर चेंडू ठेवला की कुणीतरी त्यावर पाय दाबून धरायचा,
नाहीतर तो आपला आपण निघतो, बोटींकडे.

आणि हा फिशविक, वय तेहेतीस,
गुडघा गेला म्हणून मॅनेजर झालेला,
ऑक्टोबरात पाच गोल खाल्ल्यावर पत्रकारांना म्हणाला,
मैदानाला उतार आहे.

अख्खा पूर्वेकडचा स्टँड हसला.
विल्फ ग्रेगसनची कवळी सुटायची राहिली.
नाचता येईना त्याचं अंगण वाकडं, कबूल,
पण आमचं अंगण वाकडंच आहे, बाबा,
आणि मध्यंतरानंतर ते समोरच्यांना वाकडं होतं.
हिशेब फिटतो.

तेव्हापासून आम्ही मोजतोय.
मागे तिघे, मग पाच, मग पुन्हा चार.
डावखुऱ्या पोराला उजवीकडे, उजव्याला बाकावर,
आणि रेषेवर हा, हातात वही.
खेळ तिकडे आणि हा लिहितोय!
काय लिहितोस रे?
अठरा सामन्यांत तीन विजय,
पाव पान पुरतं त्याला.
उतारावर भरलेली बस, विल्फ म्हणतो,
आणि स्टिअरिंगला शिकाऊ.

एप्रिलात, तळापासून तिसरे, एका गोलने पुढे,
ब्याऐंशीव्या मिनिटाला त्याने क्रॉसबीला काढलं.
क्रॉसबीला!
ज्याच्या पायांना गोलची वाट माहीत आहे असा
आमच्यात तो एकटा.
आत आला सहावा बचावपटू,
मग सगळेच मागे सरकू लागले, पाण्यासारखे,
थेट आपल्याच जाळीपर्यंत.
चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला जे व्हायचं ते झालं.
मी काय ओरडले ते इथे लिहीत नाही.
मोरीनने नातवाचे कान झाकले.
नातू तेच ओरडत होता.

सोमवारी कंपनीने पत्ता दिला: क्वे स्ट्रीट, सात. बॉयलर बंद.
दार फिशविकने उघडलं. घरात, अंगात कोट.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर
चहाच्या पिशव्या आणि साखरेचे खडे मांडलेले.
मी पाहिलं आणि ओळखलं:
चौऱ्याण्णवावं मिनिट.
एक पिशवी बाजूला, बशीत.
क्रॉसबी.

दाब पडला होता. दहा मिनिटांचं काम.
मी अर्धा तास लावला.
आठ महिने तोंडात घोळवलेलं सगळं
जिभेच्या टोकाशी तयार होतं,
तोच तो म्हणाला,
तुम्ही पूर्वेकडच्या स्टँडात असता ना?
आवाज ओळखीचा वाटला.
मी फक्त मुख्य नळ कुठे आहे एवढंच विचारलं होतं.

मग म्हणाला, तुम्ही काय केलं असतं?
क्रॉसबीला ठेवलं असतं.
मीसुद्धा, तो म्हणाला. आता.

पावतीवर सही केली त्याने,
अक्षर बारीक, ओळीवर बसवलेलं,
शुद्धलेखनाच्या वहीतल्यासारखं.
रेडिएटर कोमट व्हायला लागला होता, तरी कोट काढला नाही.

विल्फला मी हे सांगितलेलं नाही.
शनिवारी शेवटचा सामना. जिंकायचं,
आणि तिकडे दोघांनी हरायचं, मगच वाचलो.
मी जाणार. ओरडणारही.
वर्षाच्या तिकिटाचे पैसे भरलेत मी.

फक्त एक राहून गेलं.
नाणेफेक जिंकली तर आधी चढ घ्यायचा,
उत्तरार्धात, पाय थकल्यावर, उतार आपल्याकडे हवा.
हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे,
इतकं ठाऊक, की कुणी कुणाला सांगतच नाही.

त्याला कुणी सांगितलं असेल का?