हातचा एक

ओडेन्सच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
एल्सेबेथ चार घरांचा तक्ता आखते.
दोघांनाही आजार.
फक्त थोरल्याला.
फक्त धाकट्याला.
कोणालाच नाही: हे घर सगळ्यात मोठं,
तिथल्यांना कधी कोणी फोन करत नाही.

थोरला म्हणजे किती थोरला?
अकरा मिनिटांनी.
सुईणीनं पेन्सिलीनं लिहून ठेवलेली वेळ.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा
ही म्हण जुळ्यांपाशी लंगडी पडते.
पुढच्याला लागली
तर मागच्याला किती वेळा लागते,
एवढंच ती मोजते.
या वहीत, एकबीज: शंभरात एकतीस.
द्विबीज: शंभरात बारा.
मधल्या एकोणिसांना रक्त म्हणायचं
की एका ताटातलं जेवण, एका खोलीतला धूर,
यावर कॉफीच्या वेळी आवाज चढतात.

नवा पोरगा, योआकिम, विचारतो,
जोडी एक, मग ती दोनदा का धरली?
अरे, दोघं वेगळ्या दारांनी आले.
एक स्वेन्बोरच्या दवाखान्यातून,
एक ऑर्हूसच्या.
दोघांना वेगवेगळं विचारलं, तुझा भाऊ?
दोघंही हो म्हणाले.
हो दोनदा झालं.
तो मान हलवतो. पटलेलं नाही.

मग मार्स्टलची फाईल.
आंकर आणि लॉरिट्स, एकबीज, जन्म चौतीसचा.
आंकरचा उजवा हात बासष्टाव्या वर्षी कापू लागला.
लॉरिट्स तेविसाव्या वर्षी
हेरिंगच्या बोटीवरून गेला,
फेब्रुवारीत. सापडला नाही.

'फक्त थोरल्याला' असं लिहिणं खोटं.
'दोघांनाही' लिहिणं त्याहून खोटं.
सूत्र याला सरळ मार्ग देतं:
तेविसाव्या वर्षापर्यंत निरोगी,
पुढचं माहीत नाही.
एक उभी रेघ मारायची, पुढे जायचं.

ती स्वतः गेली होती बेटावर, फेरीनं.
आंकरनं तिच्यापुढे बिस्किटं ठेवली,
सही करायला चार मिनिटं घेतली,
आणि म्हणाला,
त्याचाही हात कापला असता का?
हे मीच तुम्हाला विचारणार होतो.
म्हणून तर हो म्हटलं या सगळ्याला.

तिनं कप उचलला. रिकामा होता.

आज बेरीज जुळते, चारी घरांची.
फक्त एक हातचा उरतो,
आणि पुढे रकाना नाही.
योआकिम दिवे घालवून गेला.
ती पेन्सिल खाली ठेवत नाही.