सोमवारपर्यंत

ओगलालात, शनिवारी, ट्रकखाली पुठ्ठा अंथरून
मी आणि शेजारचा व्हर्लिन उताणे.
पट्ट्यात अडकलेला खडा घासून घासून
टाकीला केसाएवढी चीर.
दर चार श्वासांनी डिझेलचा एक थेंब.

काल एपॉक्सी लावलं होतं. सकाळी
खपलीसारखं सोलून हातात आलं.
"या प्लास्टिकला काहीच चिकटत नाही," व्हर्लिन म्हणाला.
"घरात साबण आहे?"

होता. सांगलीहून आणलेली चंदनाची शेवटची वडी.
त्यानं ती चिरेत दाबून घासली.
मोजत राहिलो. पाच श्वास, नऊ, वीस.
"सोमवारपर्यंत," तो म्हणाला.

नवी टाकी सातशे डॉलर.
भंगारातली नव्वद, पण ती आणायला
नॉर्थ प्लॅटला जायचं, याच ट्रकनं.

रात्री वरणभाताच्या घासाला डिझेलचा वास.
हात धुवायला भांड्यांची पावडर.