परमिट

आठ सप्टेंबर, सांजचे सात.
फादरांचा फोन येतो, "शेखभाई, निघालो."
मी डीपीचा दांडा खाली ओढतो.
सगळं बोरवंड अंधारात.

मरियामातेची पालखी उंच
आणि मिशन गल्लीतली तार लोंबती.
नवा खांब मंजूर आहे. सहा वर्षं झाली.
रजिस्टरात कारण लिहितो : झाडाच्या फांद्या तोडणे.
परमिट वीस मिनिटांचं.

मग एकेक मेणबत्ती.
पुढं हलगी, मागं सिस्टर,
वाळूजच्या कंपन्यांतून सुट्टी टाकून आलेली त्रिभुवनांची पोरं,
आणि सगळ्यांच्या शेवटी सगुणाबाई, हातात मेणाचा पाय.
जावयाचा पाय ट्रकखाली आला, तेव्हा बोललेला नवस.
धरून धरून मेणाचा अंगठा मऊ पडलाय.

येशूदास बांबूनं तार उचलून धरतो
मुकुट पार होईस्तोवर.
"शेख, बंदच हाय ना रे?"
दरसाल विचारतो.
"हाय बाबा. हात दांड्यावरच हाय माझा."

मरियम माझ्या थोरल्या बहिणीचं नाव.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही,
सांगण्यासारखं काही नाहीही त्यात.

पालखी वळली. मिस कॉल आला,
म्हणजे टाका लाईट.
गिरणीवाला दोनदा ओरडून गेला.
पण सगुणाबाई अजून चढावर,
एका हातात पाय, दुसऱ्या हातात चप्पल,
मेणबत्ती कुणीतरी दुसऱ्यानंच धरलेली.
तेवढ्या उजेडात तिला खड्डे बरोबर दिसतायत.

वीसची सव्वीस झाली.
लिहीन,
फांदी मोठी होती.