पंधरा दिवस

वार्डोच्या धक्क्यावर, जाळी विणायच्या शेडमध्ये
संगणक कधी बंद करत नाहीत.
या थंडीत पुन्हा उठेल याची काय खात्री,
असं तोरब्योर्ग म्हणते.

खुब्याच्या ऑपरेशनला ती किर्केनेसला गेली,
तीन आठवडे.
तेवढ्यात तो एकटा बसून बोटं मोजत होता:
आज कोणी जुन्या डब्याला हाक मारली नाही.
आजही नाही.
पंधराव्या दिवशी त्याने ती भाषाच
तोंडातून काढून टाकली,
कवळी काढावी तशी,
आणि कवळी कुठे ठेवली तेही सांगितलं नाही.

मी समुद्राखालच्या बोगद्यातून पोचलो तेव्हा
दुपारचे बारा, आणि उजेड म्हणावा तर निळी राख.
बाकाखाली डबा जागाच होता,
हिरवा दिवा लुकलुकत.
त्याच्या पोटात एय्लर्टने आखलेले
दोन हजार तीनशे अकरा नमुने:
कॉडची जाळी, कोळंबीची,
एक शाळेच्या फुटबॉलच्या गोलचं.
एय्लर्टला जाऊन चार वर्षं झाली.

"काय बिघडलंय?"
काहीच नाही. तारा शाबूत, दोघंही जिवंत.
एकाने बोलणं सोडलंय एवढंच.

ही भाषा फार भोळी होती, मी म्हणालो.
दारात आलेल्याला नाव विचारायची
आणि सांगेल ते नाव खरं मानायची.
एका वर्षी त्याच दारातून चोर शिरले,
लांबलांबच्या इस्पितळांत
ऑपरेशनची टेबलं रिकामी राहिली.
तिचा हात आपसूक खुब्यावर गेला.
"मग बरोबरच केलं त्याने.
पण विचारायचं तरी."

मग खुंटीवरून तिने एक दोरा काढला,
सुती, राळ लावलेला, तिच्या बापाच्या वेळचा.
गाठ मारली. ओढली. पक्की.
तीच गाठ नायलॉनवर मारली:
सुळकन सुटली.
"ही कोणी बंद केली नाही," म्हणाली.
"दोरा बदलला."

मी बाहेरच्या जगाची तार उपटली,
एका चौकटीत बरोबरची खूण केली
आणि जुनी भाषा रात्रीपुरती परत बोलावली.
फायली एकेक करत नव्या डिस्कवर येऊ लागल्या,
म्हाताऱ्या माणसांसारख्या, कठडा धरून.
आमची कॉफी तीनदा झाली.
पडद्यावर नावं सरकत होती:
कोळंबी शेवटचं.
कोळंबी शेवटचं खरं.
कोळंबी तोरब्योर्ग म्हणते तसं.
"बघ," ती म्हणाली, आणि चष्मा पुसत बसली.

घड्याळात सकाळ झाली. मी खूण पुसली,
डब्याची नेटवर्कची तार काढून गुंडाळली.
विजेची काढायला वाकलो, तर म्हणाली,
थांब जरा.
जाळ्यातून सुटला ना तो?
सुटला.
मग लुकलुकू दे.