सातवा प्रश्न

मुणगेकर बाईंनी अंगणवाडीत कागद दिला,
वीस प्रश्न, हो किंवा नाही.
लिलाव संपल्यावर जेट्टीवर
बर्फाच्या पेटीवर बसून भरला मी.
बोटं ओली, शाई फुटत होती,
तरी वीसच्या वीस "हो" लिहायला वेळ लागला नाही.

सासू म्हणालीच होती,
"बोलात गो. ह्येचो बापूस चार वर्सांनी बोल्लो,
आता गप रवता काय?"

बावीस महिने. दुर्वांक.
हाक मारली तर वळत नाही.
बिस्किटाचा पुडा कुरकुरला की मात्र
पडवीतून धावत येतो.
म्हणजे कान चोख.
आणि रात्री दीपगृहाचा उजेड
खिडकीवरून फिरतो ना,
त्याच्या एक श्वास आधी
मान तिकडे तयार असते.
मोजायला कोणी शिकवलं?
मी झोपेचं सोंग घेऊन बघते.

पायरीवर तिसऱ्यांचे शिंपले मांडतो,
पालथे, सगळ्यांची कड समुद्राकडे.
एक मी उताणा केला, गंमत म्हणून.
ते रडणं
तांडेलांच्या होडीपर्यंत गेलं.

ओरोसला डॉक्टर चपला काढून
जमिनीवरच बसली.
माझ्याहून लहान असेल.
तिने साबणाचे फुगे सोडले.
तो हसला, फुग्यांना.
आता माझ्याकडे बघेल म्हणून ती थांबली.
मीही थांबले.
बाहेर कुठेतरी नळ ठिबकत होता.
फुगे संपले.

"सातवा प्रश्न," ती म्हणाली,
"बोट करून दाखवतो? आई, ते बघ, असं?
हवं म्हणून नाही हं. नुसतं दाखवायला."

नुसतं दाखवायला.

माझं मनगट धरतो तो,
कोयत्याची मूठ धरावी तसं,
आणि डब्याच्या झाकणावर नेऊन ठेवतो.
हाताने झाकण उघडतं, एवढं त्याला कळलंय.
हाताच्या वर मी आहे
ते...

मी पेन मागितलं.
सातव्या "हो"वर रेघ मारली.
मग हाकेच्या.
मग आणखी कुठल्या कुठल्या.
तिने मोजल्या नाहीत, दुसरीकडे बघत राहिली.

शब्द सांगितला तिने. स्वमग्नता.
असा शब्द आमच्याकडे
कीर्तनकार साधूबद्दल वापरतो.
"पूर्वी म्हणायचो, तीन वर्षांचा होऊ दे.
आता थांबत नाही. दर मंगळवारी आणा."
मंगळवारी मोठा लिलाव.
बुधवार चालेल का, विचारलं मी,
आणि माझीच लाज वाटली.
चालेल म्हणाली.

परतताना एसटीची खिडकी घट्ट.
त्याने माझं मनगट उचललं, कडीवर ठेवलं.
मी लगेच उघडली नाही.
थांबले, मनात मोजत.
त्याने कडी बघितली, हात बघितला,
हातावर सकाळचं एक खवलं चिकटलेलं,
ते नखाने सोडवायला लागला.
शिरगाव गेलं. तळेबाजार गेलं.
मी हात हलवला नाही.